परतणाऱ्या लहरींचा हिशेब

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बनशंकरी देवीच्या देवळावरून नाव पडलेली मोठी वस्ती आहे. तेथील एखाद्या घरी रेडिओ लावून तो १०१.३ मेगाहर्ट्झवर आणला की आकाशवाणीचा कार्यक्रम ऐकू येतो. परंतु आकाशकाने, म्हणजे अँटेनाने, जी शक्ती गोळा केली ती सगळीच्या सगळी यंत्रात शिरत नाही; तिचा काही अंश दारातूनच माघारी फिरतो. गाणे ऐकणारास त्याचे सोयरसुतक असावयाचे कारण नाही. विश्वाच्या बाल्यावस्थेतील क्षीण लहरी टिपू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना मात्र याच अंशापायी शहर सोडून तलावावर जावे लागले.

एक जाड व एक बारीक अशा दोन दोऱ्या गाठ मारून जोडाव्या आणि एका टोकास झटका द्यावा. गाठीपाशी लहरीचे दोन भाग होतात. एक पुढे जातो, दुसरा परततो. बिनतारी यंत्रात केबल व आकाशक यांचा संरोध, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेला होणारा अडथळा, जेथे जुळत नाही तेथे हेच घडते. परतलेल्या लहरीचे गेलेल्या लहरीशी जे गुणोत्तर, तो परावर्तन-गुणांक होय. प्रवर्धकासारख्या दोन तोंडांच्या उपकरणाला असे चार गुणांक लागतात: दोन्ही तोंडांवरून परतणाऱ्या लहरींचे दोन, व एका तोंडातून दुसऱ्यात जाणाऱ्यांचे दोन. त्यांना प्रकीर्णन-गुणांक म्हणतात. लहर किती परतली एवढे सांगून भागत नाही. ती किती मागे पडून परतली, म्हणजे तिची कला काय, हेही सांगावे लागते.

हे मोजण्यासाठी पूर्वी मोलाची, टेबल अडवून बसणारी यंत्रे लागत. सॉफ्टवेअर-रेडिओने त्यांचा बराच भार गणितावर टाकला आहे. या रेडिओत लहरीची उंची दर सेकंदाला लक्षावधी वेळा मोजून तिचे आकडे केले जातात, आणि हवी ती कंप्रता निवडणे, नको त्या गाळणे ही बहुतेक कामे तारेच्या वेटोळ्यांऐवजी संगणकाकडून होतात. मापनाच्या वेळी एक वाहिनी पाठविलेली लहर टिपते. दुसरीकडे, जाणाऱ्या व येणाऱ्या लहरी अलग करणाऱ्या जोडामधून, परतलेली लहर येते. दोन्ही वाहिन्या एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चालल्या पाहिजेत. एरवी कला कळणारच नाही. स्वस्त ग्राहकांत उंचीच्या अवघ्या २५६ पायऱ्या असतात, तेव्हा फार क्षीण परावर्तन त्यांत हरवण्याचा संभव राहतो.

यंत्राचे स्वतःचे दोष निराळेच. ते काढावयाचे तर वर्तन अगोदर ठाऊक असलेल्या तीन वस्तू यंत्राला जोडून पाहतात. उघडे टोक सारी लहर परत धाडते. लघुपथ केलेले टोक तीच उलटी करून धाडते, आणि ५० ओहमचा रोध ती गिळून टाकतो. तीन अज्ञात, तीन समीकरणे; शाळेतीलच बीजगणित, फक्त संख्या सदसत्.

आता त्या आकाशातील लहरींकडे वळू. मार्च २०१८ मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियात ‘एजेस’ हा प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांनी आकाशाच्या रेडिओ-वर्णपटात ७८ मेगाहर्ट्झभोवती सुमारे १९ मेगाहर्ट्झ रुंदीचा एक खळगा आढळल्याचे जाहीर केले. पहिल्या ताऱ्यांच्या उदयकाळी हायड्रोजन वायूने तेथील लहरी शोषून घेतल्या असाव्यात, असा त्यांनी अर्थ लावला. खळग्याची खोली अर्धा केल्व्हिन; आणि त्याच कंप्रतेस आपल्या आकाशगंगेचे तेज हजार केल्व्हिनहून अधिक!

येथे एक लहानसा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. केबलमधून लहर प्रकाशाच्या सुमारे दोन-तृतीयांश वेगाने जाते. ५ मीटर केबलच्या दोन्ही टोकांवरून फिरून आलेली लहर मूळ लहरीपेक्षा १० मीटर अधिक चालते. तिला ५० नॅनोसेकंद उशीर होतो, आणि वर्णपटावर दर २० मेगाहर्ट्झला एक खळगा उमटतो. १९ आणि २०! आकाशातील खळगा कोणता व केबलने घडविलेला कोणता, हे नुसत्या आलेखावरून कोण सांगणार?

बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ‘सारस’ प्रयोगात यासाठी ग्राहकाचा पहिला भाग आकाशकाच्या अगदी खालीच बसविण्यात आला. उरला जमिनीचा प्रश्न. माती, ओल, खडक अशा प्रत्येक थराच्या सीमेवरून लहरी परततात, आणि ते थर कोणी नेमके मोजलेले नसतात. पाणी मात्र एकजिनसी असते. शिवाय शहरात ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या प्रक्षेपणाचा गलबला. बनशंकरीतील श्रोत्याची करमणूक ती या मंडळींची डोकेदुखी. म्हणून २०२० च्या आरंभी शंकूसारखा आकाशक तराफ्यावर चढवून तो दंडिगनहळ्ळीच्या तलावावर व शरावती नदीवरील धरणाच्या फुगवट्यावर तरंगत ठेवण्यात आला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सौरभ सिंग, रवि सुब्रह्मण्यन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. ५५ ते ८५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ‘एजेस’ने वर्णिलेला खळगा दिसला नाही, ९५.३ टक्के विश्वासाने तो नाकारण्यात आला. खळगा आकाशाचा नव्हे, तर ऑस्ट्रेलियातील त्या उपकरणात किंवा त्याच्या पायाखालच्या जमिनीत तो नेमका कोठे उपजला, हे सांगणे मात्र शरावतीच्या पाण्यावरून शक्य नव्हते.