विश्लेषण : पोकलेनचा ‘सेन्सर गेला’ म्हणजे नेमके काय बिघडले?

कर्ज काढून जुने पोकलेन घ्यावे, आठवड्याभरात त्याने मुरूम उचलताना जोर सोडावा, मॉनिटरवर दिवा आणि कोड दिसावा आणि ‘सेन्सर गेला’ असा निकाल मिळावा, हा अनुभव अनेक यंत्रमालकांच्या ओळखीचा आहे. नवा सेन्सर बसवूनही दिवा जात नाही, तेव्हा पुढचा सल्ला थेट ईसीएम बदलण्याचा असतो. यंत्र उभे राहिले तरी कर्जाचा हप्ता आणि ऑपरेटरचा पगार थांबत नाही. दोष खरोखर सेन्सरचा आहे, वायरिंगचा की इंजिनाचाच, हे सुट्या भागांचा खर्च करण्याआधी कसे ओळखायचे?

पोकलेनच्या इंजिनात सेन्सर कशासाठी?

पोकलेन हे मूळचे एका फ्रेंच कंपनीचे नाव. आपल्याकडे ते सगळ्याच एक्स्कॅव्हेटरना चिकटले. पूर्वीच्या यंत्रांत डिझेल पंप यांत्रिक असे आणि इंजिनावर सेन्सर मोजकेच असत. कॉमन रेल इंजिनात मात्र डिझेल किती आणि केव्हा सोडायचे, हे ईसीएम हा संगणक ठरवतो. त्यासाठी त्याला क्रँक आणि कॅम शाफ्टची गती, रेलमधील डिझेलचा दाब, टर्बोच्या हवेचा दाब, ऑइलचा दाब, कूलंटचे तापमान अशी माहिती सतत लागते. ही माहिती खात्रीची वाटली नाही, तर ईसीएम इंजिनाची ताकद कमी करतो. काही दोषांत इंजिन सुरूही होत नाही. म्हणूनच धडधाकट इंजिनही एका सैल कनेक्टरमुळे अडून बसू शकते.

सेन्सर आणि ईसीएम यांच्यात काय चालते?

यंत्राची बॅटरी व्यवस्था २४ व्होल्टची असली, तरी दाब मोजणारे बहुतेक सेन्सर ५ व्होल्टवर चालतात. त्यांना तीन वायर असतात : एक ५ व्होल्टचा पुरवठा, दुसरी अर्थ आणि तिसरी सिग्नलची. दाबानुसार सिग्नल साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टदरम्यान बदलतो. तो थेट शून्यावर किंवा ५ व्होल्टवर गेला, तर वायर तुटली आहे किंवा कुठेतरी टेकली आहे, असे ईसीएम समजतो. तापमानाच्या सेन्सरला सहसा दोनच वायर असतात. कूलंट तापले की त्याचा रोध कमी होतो.

कोड नेमके काय सांगतो?

अनेक कंपन्यांच्या यंत्रांत एसएई जे१९३९ या पद्धतीचे कोड असतात. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. पहिला (एसपीएन) कोणती गोष्ट हे सांगतो, दुसरा (एफएमआय) तिला काय झाले हे सांगतो. एसपीएन १०० म्हणजे ऑइलचा दाब, ११० म्हणजे कूलंटचे तापमान, १५७ म्हणजे रेलचा दाब. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज प्रमाणापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी, २ म्हणजे माहिती विसंगत.

खरी मेख इथे आहे. ‘१००–४’ म्हणजे ऑइल प्रेशरच्या सर्किटमध्ये विद्युत दोष. ‘१००–१’ म्हणजे सर्किट ठीक आहे, पण ऑइलचा दाब धोकादायक पातळीपर्यंत उतरला आहे. दोन्ही वेळी मॉनिटरवर ऑइलचेच चिन्ह दिसू शकते. काही कंपन्या स्वतःचे वेगळे कोड वापरतात. तेव्हा त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे लागते. विद्युत दोषाचा कोड सर्किटकडे बोट दाखवतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर, कनेक्टर, वायर आणि ईसीएम हे सगळेच येतात.

जुन्या यंत्रात वायरिंगच आधी का बिघडते?

हादरे, उष्णता, खडीची धूळ आणि पाणी यांचा मारा वायरिंगवर वर्षानुवर्षे होतो. वायरचा जुडगा ब्रॅकेटवर घासून आवरण जाते. प्रेशरने धुताना पाणी कनेक्टरमध्ये शिरते आणि पिना हिरव्या पडतात. उभ्या यंत्रात उंदीर वायर कुरतडतात. साइटवर बकेटचे वेल्डिंग करताना बॅटरी न सोडणे किंवा वेल्डिंगची अर्थ लांब जोडणे यामुळे ईसीएमलाही धोका पोहोचतो. त्यातच आधीच्या मालकाने मारलेले जोड आणि नुसते वळसे देऊन लावलेली टेप असते.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

सुरुवात बॅटरीपासून. चार्जिंग सुरू असताना साधारण २७ ते २८.५ व्होल्ट मिळायला हवेत. बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनाची अर्थ पट्टी साफ व घट्ट हवी. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर अर्थमध्ये दोष आहे.

त्यानंतर कोड लिहून घ्यावेत किंवा फोटो काढावा. आधी पुसू नयेत. चावी बंद करून संशयित सेन्सरचा कनेक्टर काढावा, पिना पाहाव्यात. चावी पुन्हा चालू करून, इंजिन बंद ठेवून मल्टिमीटरने पुरवठ्याच्या पिनेवर ५ व्होल्ट येतात का, हे पाहावे. येत नसतील, तर नवा सेन्सर घेऊन उपयोग नाही.

तापमानाच्या दोन वायरच्या सेन्सरसाठी सोपी चाचणी आहे. कनेक्टर काढल्यावर ‘व्होल्टेज जास्त’ आणि कनेक्टरच्या दोन पिना जोडल्यावर ‘व्होल्टेज कमी’ असा कोड आला, तर वायर आणि ईसीएम ठीक आहेत, संशय सेन्सरवर. ही जोडणी ५ व्होल्ट पुरवठ्याच्या पिनेवर कधीही करू नये. दोष मधूनच येत असेल, तर इंजिन चालू ठेवून वायरचा जुडगा टप्प्याटप्प्याने हलवून रीडिंग कुठे उडते ते पाहावे. फिरते पट्टे आणि पंख्यापासून हात दूर हवेत.

एकदम चार-पाच कोड आले तर?

चार सेन्सर एकाच दिवशी जाणे दुर्मीळ. अनेकदा ते ५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर असतात आणि त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांचा पुरवठा बसतो. अशा वेळी मीटर लावून एकेक सेन्सर काढत जावे. ज्याचा कनेक्टर काढताच ५ व्होल्ट परत येतात, तो किंवा त्याची वायर दोषी. संपर्क तुटल्याचे कोड असतील, तर बॅटरी बंद करून कॅन लाइनच्या दोन वायरमधला रोध मोजावा. तो सुमारे ६० ओहम असावा. १२० आला, तर एका टोकाचा रोधक किंवा तिथवरची वायर तुटलेली असू शकते.

‘सेन्सर खोटे दाखवतो’ म्हणणे धोक्याचे का?

कारण कधी कधी सेन्सर खरेच सांगत असतो. ऑइल प्रेशरचा दिवा लागला, तर इंजिन बंद करून आधी ऑइलची पातळी पाहावी, मग यांत्रिक गेज लावून दाब मोजावा. गेजवर दाब योग्य असेल, तरच वायरिंगकडे वळावे. दिवा दुर्लक्षून काम रेटले, तर बेअरिंग आणि क्रँक खराब होतात आणि काही हजारांचे काम लाखांवर जाते. इंजेक्टरच्या वायरवर इंजिन चालू असताना जास्त व्होल्टेज असते आणि कॉमन रेलमधील दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनावर डिझेल पाइप सैल करणे जिवावर बेतू शकते.

जुने यंत्र घेताना काय पाहावे?

चावी चालू करताच इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. एखादा लागतच नसेल, तर तो मुद्दाम बंद केला असण्याची शंका घ्यावी. सेन्सरच्या जागी रोधक लावून ईसीएमला फसवण्याचे प्रकारही होतात, म्हणून कनेक्टरजवळचे जोड पाहावेत. सौद्याआधी कोड पुसले जाऊ शकतात. त्यामुळे यंत्र थंड असताना सुरू करायला सांगावे, तासभर भाराखाली चालवावे आणि मग कोड पुन्हा वाचावेत. चालू कोडबरोबर जुनी नोंदही पाहावी. एकच कोड वारंवार आला असेल, तर त्याचे कारण सापडेपर्यंत सौदा थांबवणेच शहाणपणाचे.