कृष्णधवल चित्रातले जहाज निघाले कुठे?

नशीब काढण्यासाठी अमेरिकेला निघालेल्या गरीब युरोपीयांचे प्रतीक म्हणून एक कृष्णधवल छायाचित्र वर्षानुवर्षे दाखवले जाते. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी १९०७ साली टिपलेले 'द स्टीअरेज' हे ते चित्र. स्टीअरेज म्हणजे जहाजातील सर्वात स्वस्त भाड्याचा वर्ग. वरच्या डेकवर कठड्याला रेलून उभी असलेली माणसे, खाली शाली पांघरलेल्या स्त्रिया, मुले आणि मधोमध पांढराशुभ्र, रिकामा पूल. आता न्यूयॉर्कचा किनारा दिसणार, असे पाहणाऱ्याला सहज वाटते. प्रत्यक्षात जहाजाची दिशा नेमकी उलट होती.

'कैसर विल्हेल्म दुसरा' हे जर्मन जहाज मे १९०७ मध्ये न्यूयॉर्कहून युरोपकडे निघाले होते. इंग्लंडमधील प्लिमथ बंदरात ते नांगरलेले असताना हे छायाचित्र घेतले गेले असावे, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे ही माणसे अमेरिका सोडून परतत होती. १९०७ च्या आर्थिक वर्षात सुमारे १२ लाख ८५ हजार स्थलांतरित अमेरिकेत दाखल झाले, हे खरे. परंतु त्या काळी काही वर्षे मजुरी करून, चार पैसे गाठीला बांधून मायदेशी जाणाऱ्यांची संख्याही मोठी होती. काहींना तर बंदरातूनच परत पाठवले जाई. आगमनाच्या गौरवगाथेत या परतीला फारशी जागा मिळत नाही.

दुसरा गैरसमज पुलाविषयीचा. वर श्रीमंत, खाली गरीब आणि मध्ये दोहोंना विभागणारा पूल, असा अर्थ अनेकदा लावला जातो. कृष्णधवल माध्यमात रंग नसतात. त्यामुळे नजर आधी उजळ भागाकडे वळते आणि पुलाची ती पांढरी पट्टी सीमारेषेसारखी भासते. स्टीग्लिट्झ यांनी केलेल्या वर्णनानुसार मात्र दोन्ही डेक स्टीअरेजचेच होते. पहिल्या वर्गाचे प्रवासी होते ते स्वतः स्टीग्लिट्झ. पत्नी आणि मुलीसह ते सफरीला निघाले होते. चित्रातील खरी वर्गरेषा कॅमेरा आणि समोरचे दृश्य यांच्यामध्ये आहे. ती चौकटीत दिसत नाही.

स्टीग्लिट्झ यांना तरी तेथे काय दिसले? १९४२ साली लिहिलेल्या आठवणीत त्यांनी गोल गवती हॅट, डावीकडे कललेले धुराडे, उजवीकडे झुकलेला जिना आणि पाठीवर एकमेकांना छेदणारे पांढरे पट्टे यांचा उल्लेख केला आहे. त्यांना आकारांची परस्परसंगती भावली होती. तिच्याशी जोडलेली माणसांविषयीची आत्मीयताही त्यांनी नोंदवली. तथापि ही आठवण ३५ वर्षांनंतरची आहे, हे विसरून चालणार नाही.

त्याच काळात लुईस हाईन न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर स्थलांतरितांची छायाचित्रे घेत होते. त्यांचा उद्देशच सामाजिक होता आणि छायाचित्राला शब्दांची जोड देण्यावर त्यांचा भर असे. 'द स्टीअरेज'ला असा आधार नव्हता. त्यामुळे ती रिकामी जागा पाहणाऱ्यांनी आपापल्या समजुतींनी भरली.

बंदराचे जुने छायाचित्र समोर आले, की आधी विचारावे : ते केव्हाचे, जहाज कोणत्या दिशेने चालले होते आणि कॅमेरा कोणाच्या डेकवर होता? ही उत्तरे नसतील, तर परतणाऱ्या माणसांच्या कपाळी आगमनाचा आनंद चिकटवला जातो आणि त्यांची स्वतःची कहाणी पुसली जाते.