नकाशावरची बाग जमिनीवर कशी येते

शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच प्रश्न फिरतात. रस्तारुंदीत आपली भिंत जाते का, आणि एफएसआय किती वाढला? बागेसाठी, मुलांच्या मैदानासाठी जागा कुठे धरली आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. काही वर्षांनी त्याच जागेभोवती पत्रे उभे राहतात, आत जेसीबी शिरतो, आणि मग आपण सह्यांचं निवेदन घेऊन धावतो. तोवर कागदावर बरंच काही होऊन गेलेलं असतं. बागांच्या बाबतीत रहिवाशांनी केव्हा आणि कुठे शिरायचं, याबद्दलचे आपले काही समज मुळातच चुकीचे आहेत. त्यांची किंमत आपल्या मुलाबाळांना मोजावी लागते, म्हणून हे लिहिते आहे.

गैरसमज : नकाशावर हिरवं दाखवलंय, म्हणजे बाग होणारच

सगळ्यात महागात पडणारा समज हाच. आपल्याकडे विकास आराखडा तयार होतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली. पुढच्या साधारण वीस वर्षांच्या गरजा धरून त्यात जागा राखून ठेवतात. एखाद्या सर्व्हे नंबरवर ‘उद्यान’ किंवा ‘क्रीडांगण’ असं आरक्षण पडलं, की त्या जमिनीचा दुसरा वापर थांबतो. पण तेवढंच. सातबारावर नाव मूळ मालकाचंच राहतं. ती जमीन महापालिकेच्या ताब्यात येणं हे वेगळं आणि पुष्कळ कष्टाचं काम आहे. त्यासाठी मोबदला द्यावा लागतो, रोख नाहीतर टीडीआरच्या (हस्तांतरणीय विकास हक्काच्या) रूपात. किंवा ‘समावेशक आरक्षणा’चा रस्ता असतो, ज्यात मालक काही भाग स्वतः विकसित करतो आणि उरलेला पालिकेला देतो.

याच कायद्याचं कलम १२७ प्रत्येक रहिवाशाला माहीत असायला हवं. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक पालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. जमीन मोकळी होते आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते तिथेही बांधता येतं. त्यात बेकायदा काहीही नसतं.

इथे मालकाला खलनायक ठरवणं मला पटत नाही. एखाद्या कुटुंबाची दोन एकर जमीन दहा वर्षं अडकवायची, पैसेही द्यायचे नाहीत आणि बांधूही द्यायचं नाही, हा अन्याय आहे. कायद्याने त्यांना दिलेली वाट योग्यच आहे. दोष आहे तो त्या दहा वर्षांत भूसंपादनासाठी अंदाजपत्रकात पुरेशी तरतूद न करणाऱ्या कारभाराचा. आणि त्या दहा वर्षांत एकदाही विचारायला न गेलेल्या आपलाही.

पुण्याचं उदाहरण घ्या. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांमधल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण असावं की तिथे बांधकामाला परवानगी द्यावी, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. हजारो पुणेकर टेकड्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने ९७६ हेक्टरवरचं हे आरक्षण कायम ठेवलं. हा मोठाच विजय होता. पण जमिनी ताब्यात घेण्याचं काम त्या मानाने फारच थोडं झालं आहे. आरक्षण टिकवणं ही अर्धीच लढाई असते.

गैरसमज : लोकांना विचारत बसलं की काम रखडतं

कामं रखडतात ती बहुतेकदा न विचारल्यामुळे, किंवा फार उशिरा विचारल्यामुळे. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला. त्यात इतक्या चुका निघाल्या आणि लोक इतके खवळले, की एप्रिलमध्येच मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितला. सुधारित मसुदा यायला मे २०१६ उजाडला आणि मंजुरीला २०१८. पुण्यात जुन्या हद्दीचा मसुदा मार्च २०१३ मध्ये आला, त्यावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती-सूचना दाखल झाल्या. २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा आपल्या हातात घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला.

ऐंशी हजार हरकती ही लोकांच्या आडमुठेपणाची खूण नाही. नकाशा पूर्ण रंगवून झाल्यावर लोकांना पहिल्यांदा दाखवला, की असंच होतं. कायद्यात मसुद्याआधीचा एक टप्पा आहे. सध्या कोणत्या जमिनीचा काय वापर चालू आहे, याचा नकाशा आधी करावा लागतो. वस्तीतलं कुठलं पटांगण मुलं रोज वापरतात, कुठल्या ओढ्याकाठी माणसं फिरायला जातात, कुठे आठवडी बाजार भरतो, हे तिथल्या माणसांइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांना तेव्हाच बोलवा. प्रभागाप्रभागात नकाशा भिंतीवर लावा आणि सुटलेली जागा त्यांनाच दाखवू द्या. मसुदा आल्यावरची महिना-दोन महिन्यांची मुदत फार तोकडी आहे. तेवढ्या दिवसांत माणूस विरोध करू शकतो, नियोजन करू शकत नाही.

गैरसमज : सूचना मागवल्या, म्हणजे लोकसहभाग झाला

एका बागेच्या फाटकावर पाटी आहे : सकाळी ६ ते १०, दुपारी ४ ते ८. अशी पाटी तुमच्याही भागात असेल. सकाळी अकराच्या सुमाराला तीन-चार घरची कामं उरकून बायका तिथे येतात. पुढच्या कामाला दीड-दोन तास असतात. फाटकाला कुलूप. कंपाउंडच्या भिंतीलगत जेवढी सावली पडते तेवढ्यात, फुटपाथवर बसून त्या डबा उघडतात. भिंतीच्या आत वडाखाली चार बाकं रिकामी असतात, नळाला पाणी असतं, स्वच्छतागृह असतं. एकीने मला विचारलं होतं, “ताई, दुपारची बाग कुणाला नको असती का?”

मला उत्तर देता आलं नाही, कारण ही वेळ ठरली तेव्हा मत देणाऱ्यांमध्ये ती नव्हतीच. अशा बैठकांना येतात ते सकाळी फिरणारे निवृत्त लोक, हास्यक्लब, सोसायट्यांचे सचिव. त्यांचं म्हणणं चुकीचं नसतं, अपुरं असतं. कॉलेजात जाणाऱ्या मुली, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, चेंडू खेळायला जागा शोधणारी बारा वर्षांची मुलं, दुपारी विसावा हवा असलेला रिक्षावाला, यांच्याकडे नोटीस पोहोचत नाही. त्यांच्यापर्यंत आपणच जायचं असतं. एखाद्या रविवारी आणि एखाद्या कामाच्या दिवशी, चार वेगवेगळ्या वेळी बागेत नुसतं बसा. कोण येतं, किती वेळ थांबतं, कोण फाटकावरून परत जातं, हे वहीत लिहा. असा कागद अधिकाऱ्यासमोर ठेवला की चर्चा वेगळी होते.

पुणे महापालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. चांगली पद्धत आहे, ती सगळीकडे यावी. पण अशा अर्जांत बहुधा बाकं, पेव्हर ब्लॉक, दिवे, फलक अशीच वर्षभरात उरकणारी कामं मागितली जातात. वीस वर्षांनी इथे किती माणसं राहतील आणि त्यांना मोकळी जागा कुठे मिळेल, हा प्रश्न त्या अर्जात मावत नाही.

गैरसमज : सहभाग म्हणजे बाग दत्तक घेणं

देखभाल आणि नियोजन या दोन गोष्टी आहेत. रहिवाशांनी मैदान सांभाळल्याची चांगली उदाहरणं आहेत, मुंबईचं ओव्हल मैदान त्यातलं ठळक. पण मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या मुंबईच्या धोरणावर जानेवारी २०१६ मध्ये एवढा गदारोळ झाला की सरकारला ते थांबवावं लागलं. भीती रास्त होती. सांभाळणारा हळूहळू मालकासारखा वागू लागतो, आणि फाटकाशी शुल्क नाहीतर सभासदत्व येतं. बाग सार्वजनिक पैशातून चालावी आणि तिचं पुढे काय व्हावं हे ठरवताना लोक हजर असावेत, एवढंच मागणं आहे. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आली. नगररचना आणि उद्यानं-क्रीडांगणं दोन्ही तिच्यात आहेत, आणि तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या सक्तीच्या झाल्या. म्हणजे हा विषय लोकांच्या दारात आणण्याची सोय झालेली आहे.

गैरसमज : आपल्या सहीला कोण विचारतो?

बेंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी ट्रस्टला रुग्णालयासाठी दिली गेली. आसपासचे रहिवासी न्यायालयात गेले. तुमचा वैयक्तिक संबंध काय, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. उद्यानाची जागा जाणं हा तिथे राहणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न आहे, हे त्यातून कायमचं ठरलं. बागेसाठी विचारणा करणारा माणूस उपरा नाही.

तेव्हा एक करा. तुमच्या महापालिकेच्या नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात साधा अर्ज टाका. त्यात चार गोष्टी मागा : तुमच्या प्रभागात उद्यान आणि क्रीडांगणासाठी आरक्षित जागांची सर्व्हे नंबर व क्षेत्रफळासह यादी, त्यातल्या किती ताब्यात आल्या, कलम १२७ खाली कोणत्या जागांना नोटीस आली आहे आणि कधी, आणि या वर्षी भूसंपादनासाठी किती तरतूद आहे. अर्जाची फी दहा रुपये. उत्तर द्यायला त्यांना तीस दिवस असतात.