लिफीवरचा फिरता पूल

डब्लिनच्या लिफी नदीवरचा सॅम्युअल बेकेट पूल जहाजासाठी वर उचलला जात नाही, तो आडवा फिरतो. रहदारी थांबते, मग 123 मीटरचा अख्खा पूल मनोऱ्यासकट, तारांसकट 90 अंशांत वळतो आणि नदीच्या काठांना समांतर होऊन थांबतो.

सगळी करामत मनोऱ्याच्या जागेत आहे. तो नदीच्या मधोमध नाही, दक्षिण काठाकडे सरकवलेला आहे. त्यामुळे जहाजांना एका बाजूला रुंद, मोकळी वाट मिळते. पण पुलाची एक बाजू लांब आणि दुसरी आखूड होते. लांब बाजूचं टोक काठावरून सुटलं की त्याला खालून कसलाच टेकू उरत नाही. म्हणून आखूड बाजूत मुद्दाम वजन भरलेलं आहे, तराजूच्या हलक्या पारड्यात भर घालावी तसं. फिरवणारी यंत्रणा मनोऱ्याच्या गोल पायाच्या पोटातच बसवली आहे.

मनोरा 48 मीटर उंच आणि उत्तरेकडे, म्हणजे लांब बाजूकडेच झुकलेला. भाराच्या विरुद्ध दिशेला कलला असता तर त्याच्या स्वतःच्या वजनाचीही मदत झाली असती. इथे मागच्या सहा तारांना जास्तच ओढून धरावं लागतं. पुढच्या 25 तारा पुलाला पेलतात. हा काटकसरीचा मार्ग नव्हे. पण स्पॅनिश वास्तुरचनाकार सांतियागो कालात्रावा यांना आडवी ठेवलेली हार्प, म्हणजे ते तंतुवाद्य, हवी होती, आणि हार्प हे आयर्लंडचं राष्ट्रचिन्ह. नदीकाठावरून तो आकार बघितला की हा जादा खर्च मला तरी पटतो.

पोलादी सांगाडा रॉटरडॅमहून समुद्रमार्गे मे 2009 मध्ये आला आणि 10 डिसेंबरला पुलाचं उद्घाटन झालं. जाण्यायेण्याच्या दोन-दोन मार्गिका, शिवाय सायकलवाट आणि पदपथ, हे सगळं त्याच फिरणाऱ्या सांगाड्यावर आहे. इथे रुंदी वाढवायची म्हणजे फिरवायचं वजन वाढवायचं. तरीही पायी चालणाऱ्याची जागा कुणी कापली नाही.

त्याच वर्षी जूनअखेर मुंबईत वांद्रे-वरळी सागरी सेतू सुरू झाला. तोही तारांनी पेललेला, देखणा, पण जागचा न हलणारा. त्यावर पायी किंवा सायकलने जायला मात्र परवानगी नाही.