टायगर मस्की : तळ्यातला निर्वंश शिकारी

एखाद्या तलावात नकोशा माशांची संख्या फार वाढली तर काय करता येईल? जाळी लावून ते काढता येतील, पाण्यात विष कालवता येईल किंवा त्यांना खाणारा दुसरा मासा सोडता येईल. हा तिसरा उपाय सोपा वाटतो. पण सोडलेला शिकारीच बेसुमार वाढला तर? संवर्धनासाठी आपल्याकडे आणलेल्या आफ्रिकी मांगुराने हाच प्रश्न उभा केला आणि २००० साली केंद्र सरकारला त्याच्यावर बंदी घालावी लागली.

अमेरिकेतील काही तलावांत यावर एक वेगळीच तोड काढलेली दिसते. खाईल, वाढेल, पण वंश मात्र वाढवणार नाही, असा शिकारी तेथे सोडतात. त्याचे नाव टायगर मस्की.

दोन जातींचे अपत्य

टायगर मस्की ही स्वतंत्र जात नाही. मस्केलुंज आणि नॉर्दर्न पाइक या एकाच प्रजातीतल्या, म्हणजे एसॉक्स कुळीतल्या, दोन जातींचा तो संकर आहे. पाइक युरोप, आशिया व उत्तर अमेरिकेत आढळतो, तर मस्केलुंज फक्त उत्तर अमेरिकेत. वसंत ऋतूत पाइक आधी अंडी घालतो, मस्केलुंज थोडा नंतर. हे काळ कधी एकमेकांत मिसळले, तर संकर निसर्गातही होतो. विस्कॉन्सिन आणि मिशिगन यांच्या सीमेवरील एका तलावात १९१९ साली पकडलेल्या टायगर मस्कीचे वजन सुमारे २३ किलो भरले होते. आता मात्र बहुतेक टायगर मस्की मत्स्यबीज केंद्रांतच तयार होतात.

तलावावरचा एक दिवस

वॉशिंग्टन राज्यात काउलिट्झ नदीवर धरण बांधून झालेला मेफील्ड तलाव आहे. पाइकमिनो नावाच्या माशांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी तेथे १९८८ साली टायगर मस्की सोडले गेले. या तलावावर आम्ही गळ घेऊन एक अख्खा दिवस काढला.

नाव पाणवनस्पतींच्या कडेकडेने न्यायची, हे पहिले तत्त्व. हा मासा भक्ष्यामागे लांबवर धावत नाही. तो दबा धरून बसतो. अंगावरचे उभे गडद पट्टे वनस्पतींच्या सावल्यांत मिसळून जातात. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर शेपटीजवळ सरकलेला असल्यामुळे शरीराचा मागचा भाग वल्ह्याच्या रुंद पात्यासारखा काम देतो. शरीर इंग्रजी एस अक्षरासारखे वाकवायचे आणि एका झटक्यात सरळ करायचे, की मासा बाणासारखा सुटतो. गळाच्या टोकाशी तारेचा तुकडा लावावा लागतो, कारण त्याचे दात साधा दोरा सहज तोडतात.

मस्केलुंजला तेथील लोक ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात. संकरित मासा तुलनेने लवकर लागतो, असे ऐकले होते. तरी दुपारपर्यंत आम्ही शेकडो वेळा आमिष फेकले आणि काहीही लागले नाही. मग एक लांबट सावली आमिषाच्या मागोमाग थेट नावेपर्यंत आली आणि थबकली. अशा वेळी आमिष बाहेर न काढता पाण्यातच इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवतात. वळणावर भक्ष्य निसटते आहे असे वाटून मासा कधी कधी झडप घालतो. आमच्या माशाने घातली.

जाळ्यातला मासा पाण्यातच ठेवून आम्ही त्याचे निरीक्षण केले. पाइकच्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात. येथे फिकट अंगावर गडद पट्टे होते. मस्केलुंजच्या शेपटीची टोके अणकुचीदार असतात. याची गोलसर होती. मग गळ काढून मासा सोडून दिला. या राज्यात ५० इंचांपेक्षा, म्हणजे १२७ सेंटिमीटरपेक्षा, लहान टायगर मस्की ठेवून घेता येत नाही. तसे न केले तर नकोसे मासे खाणार कोण?

वंध्यत्वाचे कोडे

खेचर वंध्य का, याचे ठरलेले उत्तर आपण वर्गात देतो : घोड्याची रंगसूत्रे ६४, गाढवाची ६२, म्हणून खेचराची ६३, विषम संख्येमुळे जोड्या लागत नाहीत. टायगर मस्की या उत्तराची परीक्षा घेतो. पाइकची रंगसूत्रे ५० आणि मस्केलुंजचीही ५०. संख्या तंतोतंत जुळते, तरी संकर सर्वसाधारणपणे वंध्य! आपल्या रोहू आणि कटल्याचीही रंगसूत्रे ५०-५०च आहेत, पण त्यांचा संकर प्रजननक्षम असतो. उलट, ६४ रंगसूत्रांचा घोडा आणि ६६ रंगसूत्रांचा प्रझेवाल्स्की घोडा यांच्या अपत्यात विषम, म्हणजे ६५, रंगसूत्रे असूनही ते प्रजननक्षम असते.

याचा अर्थ, केवळ संख्येवर सारे ठरत नाही. दोन जाती दीर्घकाळ वेगळ्या वाटांनी बदलत गेल्या, की त्यांच्या जनुकांचा प्रजननाच्या कामी मेळ बसेलच असे नाही. शरीर उत्तम वाढते, जननपेशी मात्र नीट घडत नाहीत.

लगाम कोणाच्या हाती?

या वंध्यत्वामुळे लगाम माणसाच्या हाती राहतो. किती पिल्ले सोडायची ते ठरवता येते. सोडणे थांबवले, की काही वर्षांत शिकारी आपोआप नाहीसा होतो. त्याच वॉशिंग्टन राज्यात प्रजननक्षम नॉर्दर्न पाइक मात्र निषिद्ध आहे. तो सॅमनची पिल्ले खातो आणि एकदा पाण्यात पसरला की मोठा खर्च करूनही हटत नाही. बाप निषिद्ध आणि मुलगा सरकारी पाहुणा, असा हा प्रकार!

अर्थात, निर्वंश शिकाऱ्यालाही भूक असते. जिवंत असेपर्यंत तो समोर येईल तो मासा खाणार. त्यात आपल्याला हवे असलेले मासेही आले. म्हणून कोठे आणि किती सोडायचे, याचा हिशेब चुकवून चालत नाही.

वर्गात मुलांना एक प्रश्न विचारून पाहावा : आपल्या गावच्या तलावात बाहेरचा मासा सोडण्यापूर्वी त्याच्याविषयी कोणती माहिती हवी? ‘तो काय खातो’ हे उत्तर लगेच येईल. ‘त्याला पिल्ले होतात का’ हे विचारणारे मूल परिसरविज्ञानाचा गाभा समजले, असे मानायला हरकत नाही.