सॉफ्टवेअर बदललं की आवाज बदलतो का?

मागच्या व्याख्यानात वेळ संपला आणि एक प्रश्न राहून गेला. आज तिथूनच सुरुवात करू. एका ताईंनी विचारलं होतं, "आम्ही गावातल्या आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतोय. ऑडॅसिटी वापरतो, ते फुकट आहे. प्रो टूल्ससारखं विकतचं सॉफ्टवेअर घेतलं तर आवाज चांगला येईल का?"

थोडक्यात उत्तर म्हणजे, नाही. पण दोन सॉफ्टवेअरमध्ये कधी कधी फरक ऐकू येतो, हेही खरं आहे. तो कुठून येतो हे कळलं तर पैसे वाचतील आणि ओव्याही वाचतील.

आधी आवाजाचा प्रवास बघू. आजी गातात, हवा हलते, माइकचा पडदा हलतो आणि अगदी क्षीण विद्युत संदेश तयार होतो. प्रीअँप तो मोठा करतो. मग ऑडिओ इंटरफेसमधला कन्व्हर्टर त्याची पातळी सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजतो आणि प्रत्येक वेळी एक आकडा देतो. १६ बिटमध्ये या मोजपट्टीला ६५,५३६ पायऱ्या असतात, २४ बिटमध्ये सुमारे १ कोटी ६७ लाख. आवाजाचे आकडे झाले ते इथे. सॉफ्टवेअर येतं त्यानंतर. आलेले आकडे ते फाइलमध्ये लिहून ठेवतं, दुकानातल्या मुनिमासारखं. मुनीम बदलला म्हणून गल्ला वाढत नाही.

आम्ही सांगतो म्हणून मानू नका, घरी करून बघा. एकच वेव्ह फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये घ्या. काहीही न बदलता, डिदर बंद ठेवून, त्याच सॅम्पल रेटला आणि तितक्याच बिटमध्ये दोन्हीकडून बाहेर काढा. आता या दोन फाइली एकाखाली एक ठेवा, सुरुवात तंतोतंत जुळवा आणि एक फाइल उलटी करा. उलटी म्हणजे मागून पुढे नव्हे, तर अधिकचं उणे आणि उण्याचं अधिक. दोन्ही एकदम वाजवा. आकडे सारखे असतील तर बेरीज शून्य, म्हणजे पूर्ण शांतता. याला नल टेस्ट म्हणतात. मात्र एक ओवी दोनदा गाऊन घेतली आणि तुलना केली, असं करू नका. माणूस दोनदा अगदी तसंच गात नाही, तेव्हा तिथे तुम्ही सॉफ्टवेअर नाही, गाणं तपासत असता.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो कशाचा? बहुतेक वेळा सेटिंगचा. मोनो ट्रॅक मधोमध ठेवला की काही सॉफ्टवेअर तो ३ डेसिबलने खाली आणतात, काही आणत नाहीत. आणि आपला कान मोठ्या आवाजालाच 'चांगला' म्हणतो! दुसरं कारण, ४८,००० चं रेकॉर्डिंग ४४,१०० वर आणताना मधले आकडे नव्याने काढावे लागतात. हे गणित सगळीकडे सारखं नसतं, इथे खरा फरक पडू शकतो. तिसरं, एकाने वेव्ह दिली, दुसऱ्याने कमी बिटरेटची एमपी३. मग तुलना कसली?

चौथं कारण सगळ्यात घातक. मीटिंगची ॲप आणि फोनमधले काही रेकॉर्डर आपणहून 'आवाज साफ' करतात. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, अशी त्यांची समजूत. पण तंबोराही एकसारखाच वाजतो आणि जात्याची घरघरही एकसारखीच असते. ओवी ज्या लयीवर उभी आहे, तीच खोडली जाते. अशी सोय असेल तर आधी बंद करा.

आता आमचीच चूक सांगतो. सुरुवातीच्या एका रेकॉर्डिंगमध्ये वरच्या सुराला आवाज फाटला. आम्ही सॉफ्टवेअरला दोष दिला आणि महागडं घेऊन आलो. पुढच्या वेळी तेच. दोष होता इंटरफेसवरच्या गेनच्या बटणाचा, आम्ही ते फार वर ठेवलं होतं. कन्व्हर्टरची मोजपट्टी संपली की त्यावरचं सगळं सपाट कापलं जातं. सॉफ्टवेअर आत ३२ बिट फ्लोटमध्ये गणित करत असलं, तरी जे मोजलंच गेलं नाही ते ते कुठून आणणार? पुन्हा गेलो तेव्हा त्या आजी राहिल्या नव्हत्या. त्यांच्या आवाजाची तेवढी एकच फाटकी फाइल आमच्याकडे आहे.

म्हणून ताई, ऑडॅसिटीच राहू द्या. ४८,००० आणि २४ बिटवर, वेव्हमध्ये रेकॉर्ड करा. मोनोला तासाभराची फाइल साधारण ५२० एमबी होते, होऊ द्या. आजींना आधी जोरात गायला सांगा आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन लावा. पंखा बंद करा. खोली घुमत असेल तर भिंतीला गोधड्या टांगा. माइक जवळ आणा, पण थेट तोंडासमोर नको, जरा बाजूला. पहिलं मिनिट हेडफोन लावून ऐका, मगच पुढे जा. फाइलची दुसरी प्रत त्याच दिवशी वेगळ्या डिस्कवर काढा.

सॉफ्टवेअरसाठी ठेवलेल्या पैशांत चांगला माइक घ्या, आणि गावाकडच्या दोन खेपा जास्त करा. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.