दीड एकरातले धान आणि दिवाळीची वही

आश्विन सरत आला की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांवर पिवळसर झळाळी चढू लागते. आषाढ-श्रावणात चिखलात उभे राहून केलेली रोवणी आता लोंब्यांच्या भाराने वाकलेली असते. व्यापारी घराण्यांत दिवाळीच्या वहीपूजनाची तयारी चालते, नेमक्या त्याच दिवसांत या अल्पभूधारक कुटुंबांच्या वर्षभराच्या कष्टांचा ताळेबंद त्यांच्या अंगणात मांडला जात असतो.

शरदातील दिनक्रम

घरातील दिवस पहाटेच उजाडतो. चूल पेटते, शिदोरी बांधली जाते आणि विळे घेऊन स्त्रिया बांधीकडे निघतात. त्या एकट्या-दुकट्या जात नाहीत. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यात शेताला लागूनच जंगल आहे आणि जंगलात वाघ आहे. वाकून कापणी करणाऱ्या माणसाला धोका अधिक, म्हणून सोबत राहून, मोठ्याने बोलत काम करण्याची रीत पडली आहे. रात्री रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी घरातील पुरुष मचाणावर जागल करतात.

प्रथम हलका धान कापला जातो, भारी धान त्यानंतर काही आठवड्यांनी. कापलेला धान बांधीतच वाळू द्यायचा, मग भारे बांधून त्याचे पुंजणे रचायचे, आणि सवडीने मळणी करायची, असा हा क्रम आहे. या काळात आभाळ भरून आले की घरातील सर्वांचा जीव टांगणीला लागतो. भिजलेल्या लोंब्यांना कोंब फुटतात, दाणा काळवंडतो आणि बाजारात त्याचा भाव उतरतो. तुडतुडा पडला तर लोंब्या पोसण्याच्या सुमारासच उभे पीक जागोजागी करपते.

तरीही हा काळ आनंदाचा असतो. धुऱ्यावरची तूर फुलावर येते, उभ्या धानातच लाखोळी फेकून पुढच्या पिकाची तजवीज केली जाते, तणीस गुरांसाठी रचून ठेवले जाते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, देसाईगंज-वडसा येथील नाटक मंडळ्यांचे प्रयोग सुरू होतात आणि माहेरवाशिणी घरी येतात.

चार वाटण्या

मळणीनंतर अंगणात आलेल्या राशीच्या चार वाटण्या होतात. एक मजुरीची, एक घरच्या खाण्याची, एक विक्रीची आणि एक बियाण्याची. पीककर्ज, किराणा उधारी, मुलांचे शिक्षण हे सारे विक्रीच्या वाटणीतून भागवायचे असते. देणी तातडीची असल्याने धान लगेच विकावा लागतो आणि त्याच वेळी सर्वांचाच माल बाजारात आलेला असतो. ज्या घराला धान्य दोन महिने थांबवून ठेवण्याची ऐपत नाही, त्या घराला भाव ठरवता येत नाही, तो स्वीकारावा लागतो.

चारही वाटण्यांत बियाण्याची वाटणी सर्वांत लहान, परंतु तिच्यावर घरातील जाणत्या माणसाची नजर सर्वांत अधिक असते. या नजरेचे मोल किती असू शकते, याचे उत्तर याच भूमीतील एका शेताने दिले आहे.

तीन लोंब्यांची कथा

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे लहान गाव आहे. मराठवाड्यातील सुप्रसिद्ध नांदेडशी त्याचा काही संबंध नाही. या गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांची शेती अवघी दीड एकर आणि शालेय शिक्षण अत्यल्प. १९८३ साली त्यांनी ‘पटेल-३’ या वाणाचा धान लावला होता. त्या पिकात तीन लोंब्या त्यांना वेगळ्या, पिवळसर दाण्यांच्या दिसल्या. त्या त्यांनी निराळ्या काढून पिशवीत जपून ठेवल्या. पुढील वर्षी शेताच्या मध्यभागी एका लहान वाफ्यात ते दाणे पेरले आणि रानडुकरांपासून रक्षण व्हावे म्हणून सभोवती काटे लावले. वर्षामागून वर्षे ही निवड चालू राहिली. दाणा बारीक, भात चवीला उत्तम आणि उताराही चांगला, अशी खात्री घरच्या चुलीवर आणि शेतात पटली.

१९९० च्या सुमारास परिसरातील एका मोठ्या शेतकऱ्याने हे बियाणे नेऊन पीक घेतले आणि माल तळोधीच्या बाजारात आला. वाणाला तोवर नावच नव्हते. त्या काळी एचएमटी घड्याळांचा मोठा लौकिक होता. बाजारातील व्यापाऱ्याने तेच नाव या तांदळाला दिले आणि ते कायमचे रूढ झाले. १९९४ साली सिंदेवाही येथील धान संशोधन केंद्राने प्रयोगासाठी बियाणे नेले आणि १९९८ साली ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने ते प्रसारित झाले. महाराष्ट्राबाहेरही अनेक राज्यांत हा तांदूळ पोहोचला.

खोब्रागडे यांनी एवढ्यावर न थांबता आणखीही वाण निवडले. त्यांपैकी ‘डीआरके’ हा त्यांच्या स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांचा. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ नियतकालिकाने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांची नोंद घेतली. पण एचएमटीच्या प्रचंड उलाढालीतून त्यांच्या घरी स्वामित्वधन आले नाही. अखेरपर्यंत ओढगस्त राहिली. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळील शोधग्राम येथे उपचार चालू असताना त्यांचे निधन झाले.

न झालेली नोंद

शेतकऱ्याने निवडलेल्या वाणावर त्याचा हक्क मान्य करणारा, पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्कांचा कायदा २००१ साली संमत झाला. तोवर एचएमटी बाजारात येऊन एक तप होत आले होते. कायद्यानुसार आज शेतकरी आपल्या वाणाची नोंदणी करू शकतो. परंतु अर्ज, नमुने आणि कागदपत्रे यांची वाट लहान शेतकऱ्याला एकट्याने चालणे अवघड जाते.

येथे व्यापारी कुटुंबांना करण्याजोगे बरेच आहे. जमाखर्चाचे आणि कागदपत्रांचे ज्ञान ही त्यांची पिढीजात पुंजी आहे. खरेदीच्या पावतीवर गावाचे व वाणाचे नाव लिहिणे, वेगळ्या गुणाचा दाणा आढळल्यास तो कोणाच्या शेतातला याची चौकशी करणे, त्या शेतकऱ्याला नोंदणीच्या कामी साहाय्य करणे आणि मापाबरोबरच दाम चुकता करणे, यांस फारसा खर्च येत नाही. एचएमटीला नाव बाजाराने दिले. ते देताना दोन ओळींत शेतकऱ्याचे नाव, गाव आणि वाण कसा हाती आला हे कोणी टिपून ठेवले असते, तर दादाजींच्या हाती हक्क मागण्यासाठी निदान एक लेखी पुरावा राहिला असता.